कबुतरांनी सोडलेली ज्वारी

कासमचाचांवर अन्याय झाला तो गेल्या बकरी ईदच्या आधीच्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, अमिरातीतल्या रास अल खैमाजवळच्या एका गुरांच्या फार्मच्या ऑफिसात. ‘खुराक निष्काळजीपणे मिसळला’ असं पत्र त्यांच्यापुढे सरकवलं गेलं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण पत्र मीच टाइप केलं होतं.

चाचा रत्नागिरीकडचे. मांसासाठी वाढवायच्या खोंडांचा खुराक त्यांनी अकरा वर्षं मिक्सरवर ढवळला. नवं पोतं फोडलं की आधी चार दाणे तोंडात टाकत, डोळे मिटून चावत, आणि तोवर कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. शेडमध्ये फिरताना हातात पिठाची जुनी चाळणी. तीत शेण घ्यायचं, नळाखाली धुवायचं आणि किती दाणे अख्खेच बाहेर पडले ते बघायचं. मॅनेजर त्यांना ‘गोबर इंजिनियर’ म्हणायचा. चाचांचं उत्तर ठरलेलं: डॉक्टरपण हेच तपासायला मागतो, त्याला कोण हसत नाही.

मी शारजात वाढलेली, पुण्याच्या कॉलेजात पत्रकं वाटून आलेली, तोंडाने फटकळ. फार्मच्या ऑफिसात टायपिंगला लागले त्या पहिल्याच आठवड्यात शेडमध्ये नाक दाबलं, तर त्यांनी चाळणीच माझ्या हातात दिली. “बघ, बाय. काय खाल्लं ते सगळेच बघतात. अंगाला काय लागलं ते इथं कळतं.”

थंडी सरता सरता पांढऱ्या ज्वारीऐवजी तांबडी आली. मॅनेजर खूश. गोदामात कबुतरांचा उच्छाद असायचा, पण या ढिगाला एकही चोच लागेना. नासाडी खलास, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. चाचांनी दाणा चावला, थुंकला आणि पाणी मागितलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, “साब, जिसको चोर भी हाथ नहीं लगाता, वो माल आपने पैसा देके लाया.”

“ज्वार तो ज्वार है, कासमभाई. प्रोटीन लॅबने चेक किया है.”

लॅबचा कागद खोटा नव्हता. पण ही जात पाखरांनी खाऊ नये म्हणूनच काढलेली. तिच्यातला तुरटपणा प्रथिनांना धरून बसतो, जनावराच्या पोटात नीट सुटू देत नाही. हे मी नंतर वाचलं. चाचांनी चावून सांगितलं होतं. भरड आणखी बारीक करा, निम्मा मका घाला, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी त्या खोलीत होते. तिन्ही वेळा उत्तर एकच: आलंय ते घाल, यल्ला, चल आटप.

ईदच्या तोंडावर खोंड काट्यावर चढवले. वजन भरलंच नव्हतं. हेड ऑफिसला कोणाचं तरी नाव हवं होतं.

चाचांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सहीसाठी पुढे केलेल्या पेनाला टोपण लावून ते परत दिलं आणि मला म्हणाले, “यात ज्वारीची जात घाल, बाय. मग खाली माझी सही.” मॅनेजरने व्हिसा रद्द करायची धमकी दिली. चाचा उठले. “वीजा आपका, साब. जबान मेरी.”

आठवड्यात त्यांना घरी पाठवलं. आता तिथे पुन्हा पांढरी ज्वारी येते, मुकाट्याने. कबुतरंही परतली आहेत. चूक कोणाची होती हे फार्मवाल्यांनी पोती बदलून कबूल केलं, पण पत्र मागे घेतलं नाही. ते मागे घ्या असं मी दोनदा सांगितलं, मग नोकरी सोडली. चाचा गावाहून कामासाठी अर्ज करतात. प्रत्येक एजंट आधीच्या ठिकाणचा कागद मागतो, आणि कागद तोच, मी टाइप केलेला.

म्हणून तुम्हाला सांगते. गोठा चालवत असाल, खुराक विकत घेत असाल, माणसं नेमत असाल, आणि ते पत्र घेऊन कासमचाचा तुमच्या दारात आले, तर पत्र बाजूला ठेवा. तुमच्या पोत्यातले चार दाणे त्यांच्या हातावर ठेवा. आणि ते चावून होईपर्यंत गप्प बसा.