मामा विमानानं आला

माझा मामा आयुष्यात एकदाच विमानात बसला, आणि त्याला बसवलं मी. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही खरं.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मामानं पोट आत घ्यायचं. मशीन उघडण्याआधी तो ते चालवून नुसतं ऐकायचा आणि सुई कुठे अडतेय ते सांगायचा. त्याच्या गावाहून आमच्याकडे गाडीनं दोन रात्री आणि एक अख्खा दिवस लागे. विमानानं अडीच तास. चाळीस वर्षं, वर्षातून एकदा, तो आईला भेटायला गाडीनंच आला. विमानाचं नाव काढलं की म्हणायचा, "विमानानं माणूस जात नाही, पार्सल जातं. इथे बांधलं, तिथे सोडलं. मधलं सगळं गेलंच की."

आणि मामाचा जीव त्या मधल्यातच. खिडकीजवळची जागा, कागदात बांधलेली उकडलेली अंडी, समोरच्या अनोळखी माणसानं पहिल्याच तासात सांगून टाकलेलं घरातलं भांडण. गाडी कुठल्याशा माळावर उगीचच थांबली, की इतर लोक घड्याळ बघायचे आणि हा खाली उतरून पाय मोकळे करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवरचा लांबलचक पूल येई. पुलावर चाकांचा आवाज बदलतो आणि भांडणारी माणसंसुद्धा गप्प होतात, असं त्याचं म्हणणं.

आईला प्रवास सोसायचा नाही. दोन स्टेशनं गेली की हिच्या उलट्या सुरू. त्यामुळे दुधाची तहान ती ताकावर भागवायची. मामा दारात आला की आधी त्याची बॅग ओढून घ्यायची आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसायची. फडका काळाकुट्ट व्हायचा. तो त्याच्या नाकासमोर धरून म्हणायची, "बघ, अर्धा मुलूख आणलास घरात." मग चहा, आणि मग, "हं, सांग." मामा पहिल्या शिट्टीपासून सुरुवात करायचा. बाबा पेपराच्या निमित्तानं सटकायचे. आई मात्र शेवटच्या स्टेशनापर्यंत हलायची नाही.

अशाच एका बैठकीत बाबांनी चिडवलं, "आता वय झालं. भावाला सांग विमानानं यायला."

आई हसत म्हणाली, "दादा विमानातून उतरला, की समजायचं माझं आटोपलं."

आम्ही सगळे हसलो होतो. हसायला काय जातं?

आई मरणाला फार भ्यायची. शेजारी कुणी गेलं तर आठवडाभर हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून तिचं हृदय थकलं तेव्हा आम्ही तिला एवढंच सांगितलं, की अशक्तपणा आहे, औषध लागू पडतंय. गुरुवारी सकाळी डॉक्टर तिला तपासून बाहेर आले. चपला घालता घालता हळूच म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. उद्याचं मी सांगू शकत नाही."

मी गच्चीवर जाऊन मामाला फोन लावला. मागे मशीन चालू होतं. मी बोलायला लागले तसं ते थांबलं.

"गाडीनं निघालो तर?" त्यानं विचारलं.

"मामा, नको."

मग म्हणाला, "तिला काय सांगशील?"

मी थाप तयारच ठेवली होती. आईजवळ बसून म्हटलं, मामा मंगळवारीच गाडीत बसलाय, तुला चकित करणार होता, आज पोचेल, गाडी जरा उशिरा धावतेय. आई माझ्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "चहाची साखर काढून ठेव. तो तीन चमचे घेतो."

दुपारी चारला मामा आला. विमानात कानांना दडे बसले होते, म्हणून एका हातानं कान दाबत होता आणि नको इतकं मोठ्यानं बोलत होता. मी त्याला जिन्यातच थांबवलं. बॅगेच्या मुठीवरची विमान कंपनीची पट्टी कात्रीनं कापली. शर्ट चुरगाळला, केस विस्कटले. कोपऱ्यावरून आणलेली संत्री बॅगेत कोंबली, कारण दरवर्षी तो वाटेतल्या एका स्टेशनावरून संत्री आणायचा. "हळू बोल," एवढं बजावून त्याला आत सोडलं. आपण काही विसरलो नाही, याचा मला चक्क अभिमान वाटला.

"चिमे, काय हे सोंग?" मामा पलंगाजवळ जाऊन आईला म्हणाला.

"ये," आई म्हणाली. तिचा आवाज सकाळपेक्षा खोल गेला होता. "हं, सांग."

मामानं सुरुवात केली. मशीन ऐकून दोष सांगणारा माणूस तो, थाप मारायची सवय नाही. पण त्या दिवशी त्याची जीभ अडखळली नाही. समोरच्या बाकावर पोपटाचा पिंजरा घेतलेलं जोडपं होतं. पोपट तिकीट तपासनिसाला शिव्या द्यायचा. माळावर गाडी पाऊण तास उभी राहिली, तेव्हा एका निवृत्त मास्तरांनी रुळाच्या कडेला खडूनं पट आखून बुद्धिबळ मांडलं. पोपट मी शाळेत असतानाचा होता. मास्तर माझ्या लग्नाच्या वर्षीचे. मामा चाळीस वर्षांच्या गाड्या एकीला एक जोडत होता.

आई मात्र पहिल्यांदाच ऐकल्यासारखी पोपटाला हसली. मला वाटलं, विसरली बिचारी. मला बरंही वाटलं, लाज वाटते सांगायला.

गाडी पुलाजवळ आली आणि आईनं हात वर केला. "थांब. तुझी बॅग पुसायची राहिली."

"राहू दे ग आता," मामा म्हणाला.

"फडका आण," आईनं मला सांगितलं.

तेव्हा मला कळलं मी काय विसरले होते. पण आणणार नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मी फडका भिजवून दिला. मामानं बॅग पलंगावर ठेवली. आईनं झाकण पुसलं, कडा पुसल्या, कापलेल्या पट्टीचा चिकट डाग राहिला होता तो पुसला. सावकाश, दरवर्षीसारखं. मग फडका उलटून पाहिला. तो जसा दिला तसाच पांढरा होता.

मामाची मान खाली गेली. बाबा दारात उभे होते, ते तसेच राहिले. मी आईच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत केली नाही.

आईनं फडका मुठीत गोळा केला आणि माझ्या हातात कोंबला. तिची बोटं गार होती.

"धुवायला टाक," ती म्हणाली. "फार मळलाय." आणि मामाकडे वळून, "किती धूळ रे दादा यंदा. दमला असशील. पुलापासून सांग."

मी नळाखाली उभी राहून तो स्वच्छ फडका साबण लावून धुतला. दोनदा धुतला. बाहेर मामा पुलावर पोचला होता, आणि त्याच्या आवाजाखेरीज घरात कसलाच आवाज नव्हता. पुढे त्यानं गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत नेली, एकही थांबा गाळला नाही. तोवर ऐकायला बाबा आणि मी दोघंच उरलो होतो.