माथाकानेचा तोटीचा हंडा

शाळेच्या स्वयंपाकघरात नवी भांडी आली आणि दोघांना एकदमच नारळ मिळाला: स्वयंपाकीण माथाकानेला, आणि ज्यात तिने मुलांसाठी वर्षानुवर्षं मटणाचा रस्सा उकळला त्या तोटीच्या हंड्याला.

"मला काही नको, हा हंडा तेवढा द्या," ती मोठ्या बाईंना म्हणाली. बाईंनी हंडा तर दिलाच, वर पावाचं पीठ मळायचं घमेलं आणि चेपलेली चाळणही दिली. सगळं गाढवावर लादून माथाकाने निघाली, तेव्हा रस्त्यात मान्त्सोआकी कमरेवर हात ठेवून उभी होती. लेसोथोच्या त्या डोंगराळ गावात ज्वारीची बिअर करावी तर मान्त्सोआकीनेच. तिच्या दारी बिअर तयार झाल्याचं पांढरं निशाण चढलं की पुरुष हातातली कामं टाकून धावत.

"काय गं, आता रस्सा विकणार?"

"बिअर करणार."

"कर बाई, कर. सोबत चमचा आणि मीठही ठेव!"

माथाकानेने ज्वारी भिजवली, मोड आणले, वाळवून दळली. हंड्यात पेज शिजवली, घमेल्यात निववली, जुन्या बिअरचं विरजण लावलं. आंबल्यावर चाळणीतून गाळून पुन्हा हंड्यात ओतली आणि निशाण लावलं. लोक आले. तोटी सोडली, पहिला घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली.

"अगं, यात बोकड बुडून मेलाय की काय?"

अंगण बघता बघता रिकामं झालं. उरला एकटा दीर, सेखोबे. तोटीपाशी गर्दी म्हणून तो मघापासून वरूनच वाडगा बुडवत होता.

"वहिनी, झकास झालीय. ह्यांना काय कळतंय!"

"तुम्हाला काय, डबक्यातलं पाणीही झकास लागेल," ती डोळे पुसत म्हणाली. पण मग थबकली. तिने वरून एक घोट घेतला. स्वच्छ, आंबटगोड. तोटीतून घेतला. बोकड!

"भावोजी, पाना आणा कुणाचा तरी!"

तोटी उघडली तर आत जुनी चरबी डांबरासारखी थापलेली. माथाकानेने ती काडीने खरवडली, राखेच्या पाण्यात उकळली, पुन्हा खरवडली, पुन्हा उकळली. नाक लावून लावून वास गेल्याची खात्री केली, तेव्हाच परत बसवली.

घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी तिने पुन्हा निशाण चढवलं. गावातलं कुणी फिरकेना. सगळी झुंबड मान्त्सोआकीच्या दारी. तरी माथाकानेने निशाण उतरवलं नाही. दुपारी शर्यत संपली आणि डोंगरापलीकडचे स्वार, धुळीने माखलेले, घशाला कोरड पडलेले, पहिलं निशाण दिसलं तिथेच उतरले. त्यांना बोकडाची गोष्ट कुठे ठाऊक! एकाने वाडगा रिकामा केला, ओठ पुसले आणि मागे वळून ओरडला, "अरे, घोडी इकडेच बांधा रे!"

परगावचे हलेनात, हे बघून गावकरी एकेक करत कुंपणाशी येऊ लागले. आधी नुसता वास घ्यायला. मग वाडगा घेऊन. ऊन उतरेतो अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तोटी बंद करायला माथाकानेला उसंत नव्हती.

शेवटी गर्दी बाजूला झाली. मान्त्सोआकी आली होती. तिची मातीची मडकी केव्हाच रिकामी झाली होती. माथाकानेने तोटीखाली वाडगा धरला, भरला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. मान्त्सोआकी डोळे मिटून सावकाश प्यायली.

"चरबी कुठे गेली?"

"राखेत."

"हं." तिने वाडगा पुढे केला. "भर अजून. काठोकाठ भर, कंजूष कुठली!"

बायकांनी तोंडात जीभ नाचवत आनंदाची अशी काही लांब किलकारी मारली की बांधलेली घोडी बिचकली. दोन स्वारांनी हंड्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो भलताच जड, म्हणून मग त्यांनी माथाकानेलाच उचललं. ती वरून ओरडत होती, "मेल्यांनो, तोटी उघडी राहिलीय, आधी ती बंद करा!" आणि ओरडता ओरडता तिला हसू आवरत नव्हतं.