पिल्लांकडं बघून करंट

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दिवशी निलंग्याच्या बाजूला गावात माणूस सापडत नाही. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, सगळे आपापल्या रानात कडब्याच्या कोपीत पांडव पुजून तिच्यापुढं पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन बसलेले. माझा नवरा वेल्डिंगचं काम करतो. पिकअपवर डिझेलचं मशीन बसवलेलं आहे, त्यामुळं लाईट नसेल तिथंही जाऊन लोखंड जोडता येतं. यंदाच्या येळवशीला ह्यांच्या हाताखालचा माणूस त्याच्या रानात गेला होता. आणि सकाळीच एका कोंबड्यांच्या शेडवरून फोन आला.

"तूच चल," हे म्हणाले. "नुसती वायर धरायची हाय."

मी कामावर कधी जात नाही. चार अनोळखी माणसांत माझा आवाज घशातच राहतो. पण आम्हाला रान नाही, सणाला कुठं जायचं नव्हतं, म्हणून गेले.

शेड माझ्याच वयाच्या एका बाईचं होतं. ऊस भरलेली ट्रॉली मागं घेताना ट्रॅक्टरवाल्यानं शेडच्या कोपऱ्याचा लोखंडी खांब बुडातून मोडला होता. खांबाला बांधलेली लाईटीची वायरही त्याच्याबरोबर तुटली. छत त्या बाजूनं झुकलेलं, खाली दोन लाकडी बल्ल्या टेकवलेल्या. लाईनमन फोन उचलत नव्हता. तोही कुणाच्या तरी कोपीपुढं बसला असणार. आणि आत आदल्याच दिवशी उतरवलेली पिल्लं होती.

"अक्का, गारठ्यात ऱ्हातील का ही?" मी त्या बाईला हळूच विचारलं.

"कशाची ऱ्हातात? ऊब न्हाई मिळाली की एकमेकांच्या अंगावर चढत्यात. खालची गुदमरून मरत्यात." तिनं मला ढीग दाखवला. कोपऱ्यात पिवळ्या पिल्लांचा गोळा झाला होता आणि कडेची अजून वर चढत होती. "मागच्या खेपेला लई मेली. आता परत तसंच झालं तर कंपनी पिल्लं देयाची बंद करंल. मग ह्या शेडात काय बांधू?"

बाहेर वारा सुटला होता. हे खांबाकडं न जाता आधी आत डोकावले आणि म्हणाले, "मशीनला मागं प्लग हायत. पयलं बल्ब पेटवू."

इतकी वर्षं मला वाटायचं, ते मशीन फक्त ठिणग्या काढतं. पिकअप बांधाच्या पलीकडं रस्त्यावरच थांबली होती. तिथून ह्यांनी वायर ओढून आणली आणि शेडातल्या बल्बांना जोडली. इंजिन सुरू केलं. मशीनच्या तोंडावर एक खटका आहे, त्याच्या एका बाजूला ससा काढलाय आणि दुसऱ्या बाजूला कासव. इंजिन कासवाच्या चालीनं हळूहळू धडधडत होतं. अक्कानं बल्बांचं बटण दाबलं आणि रस्त्यावरच्या इंजिनानं आपोआप आवाज चढवला. त्याच्यापाशी कुणीसुद्धा नव्हतं. इथं ऊब मागितली आणि तिथं त्याला कळलं. मी बघतच राहिले.

पिल्लांवर टांगलेल्या पत्र्याच्या छत्रीखाली बल्ब पिवळे झाले. तांदळाच्या ढिगावर हात फिरवावा तसा तो पिल्लांचा गोळा हळूहळू पसरला.

मग हे खांबाकडं गेले. जाताना एक मुठीएवढी डबी घेतली, तिला लांब वायर आणि वर एक फिरवायची चकती. त्याला रिमोट म्हणतात. तो जोडला की मशीनवरची मोठी चकती नुसती शोभेची. काम करणाऱ्यानं जागेवरूनच करंट कमी-जास्त करायचा, दर वेळी रस्त्यापर्यंत पळायचं नाही. ह्यांनी तो बल्लीला अडकवला आणि रॉड टेकवला.

मी पिल्लांपाशी बसले होते. बाहेर चर्रर्र झालं की आत बल्ब मंद व्हायचे. बुडाचं लोखंड जाड, त्याला करंट जास्त लागत होता, आणि तेवढी ऊब बल्बांची कमी होत होती. पिल्लांचा आवाज बदलायचा. कडेची पिल्लं आत सरकायची. मला ते दिसत होतं. पण तोवर शेजारच्या रानातले पाच-सहा पुरुष बघायला येऊन खांबापाशी उभे राहिले होते. त्यांच्यातून जाऊन ह्यांना सांगायचं मला होईना. आता थांबतील, मग सांगू, असं म्हणत बसले.

तेवढ्यात अक्काची सासू रानातून आली. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, हातात भज्जीचं पातेलं.

"मिस्त्री, ठेव ते लोखंड. येळवशीला रानात आलेला माणूस उपाशी कामाला लावला तर पांडवं काय म्हणतील आमाला?"

"आजी, थोडंच ऱ्हायलंय."

"लोखंड कुठं पळून चाललंय? खांब मोडला तवा सुदीक जागीच व्हता."

सगळे हसले. येळवशीचं बोलावणं मोडता येत नाही. हे पिकअपपाशी गेले, आणि जेवायच्या आधी रोज करतात तेच केलं. इंजिन बंद केलं.

शेडाला वारा अडवायला चहूकडून पोत्याचे पडदे सोडले होते. आत एकदम अंधार झाला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग पिल्लं एकाच वेळी ओरडायला लागली आणि माझ्या पायापासून कोपऱ्याकडं धावली. मी पडदा बाजूला करून बाहेर आले. पत्रावळीवर बसलेले सगळे पुरुष समोर होते.

"आवो, इंजिन चालू करा. पिल्लं मरायलीत."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. हे हातातला घास टाकून पळाले.

"मिस्त्री, तुमच्या मशीनीपेक्षा वहिनीचा आवाज जोरात हाय की," कुणीतरी म्हणालं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आत गेले.

अक्का आणि मी दोन्ही हातांनी ढीग मोकळा करत होतो. बल्ब पुन्हा लागले. खालून निघालेली पिल्लं लुळी पडली होती. छत्रीखाली ठेवल्यावर बहुतेकांनी मान उचलली. दोन पिल्लांनी नाही उचलली. अक्कानं ती उचलून बाजूला ठेवली.

हे दारात येऊन उभे राहिले. "सवयीनं हात गेला," म्हणाले. मग मी त्यांना बल्ब मंद होतात तेही सांगितलं.

"रॉड टेकवला की?"

"हाव. तुमी जितकं जोरात लावता, तितकं हिकडं कमी व्हतं."

त्यांनी एकदा बल्बांकडं बघितलं. मग बाहेर जाऊन त्यांनी रिमोटची वायर शेडाच्या जाळीतून आत सरकवली आणि डबी माझ्या हातात दिली.

"तू धर. पिल्लं तुला दिसत्यात, मला न्हाईत. जमायला लागली की कमी कर."

"आन तुमचं लोखंड?"

"रॉड चिकटायला लागला तर खांबावर हातोडा मारीन. मग बघ, वाढवता येतंय का. न्हाई आलं तर मी थांबतो."

आजीनं माझी पत्रावळ तिथंच आणून ठेवली. मी एका हातानं जेवले. दुसऱ्या हाताचा अंगठा चकतीवर. पडद्याच्या फटींतून निळा उजेड आत यायचा, मी तिकडं बघत नव्हते. पिल्लं पांगलेली असली की चकती थोडी पुढं सरकवायची. बाहेरचं चर्रर्र भरदार व्हायचं. ती एकमेकांकडं सरकली की चकती मागं, आणि बाहेरचा आवाज बारीक. हातोडा दोनदा वाजला. एकदा मी वाढवलं. एकदा नाही वाढवलं, तेव्हा ते थांबले.

रस्त्यावर इंजिन, पडद्यापलीकडं वितळणारं लोखंड, आणि इथं हळदीच्या बोटाएवढे जीव. मी चौथी शिकलेली बाई. ते सगळं त्या वेळेला माझ्या अंगठ्याशी बांधलेलं होतं, आणि अंगठ्याला जोरसुद्धा लागत नव्हता.

ऊन कलताना बल्ल्या काढल्या. छत हललं नाही. हे मशीन बंद करायला निघाले तेव्हा अक्का काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "लाईनमन येईस्तोवर चालू ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले, आणि आपली राहिलेली पत्रावळ घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. पिल्लं छत्रीखाली पसरून झोपली होती, एकमेकांपासून थोडी थोडी लांब.