न वाजणारं मशीन

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं पाठवलंय. आणि नशीब बघा, नोकरी मिळाली ती चार-चार तास खाटेला खिळलेल्या माणसांपाशी थांबायची. फरीदाबादला तेव्हा कारखान्यांच्या मागच्या शेतांतून नवेनवे सेक्टर उठत होते. नवऱ्याच्या कारखान्यात परदेशी भागीदार आले होते, त्याला बढती मिळाली होती, म्हणून आम्ही पुणं सोडून तिथे आलो. हमरस्त्यावर काचेच्या दर्शनी भिंतीचं एक खाजगी हॉस्पिटल नुकतंच उघडलं होतं. तिथे डायलिसिसची सहा मशीनं होती आणि ती चालवायला माणसं नव्हती. मी पुण्यात तेच काम शिकलेली, त्यामुळे मला दुसऱ्याच दिवशी रुजू करून घेतलं.

काम सांगायला सोपं. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत त्यांचं रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीनमधून गाळायचं आणि दुसऱ्या नळीनं परत आत सोडायचं. आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा, जन्मभर. करायला कठीण अशी एकच गोष्ट, ती म्हणजे अलार्म. जरा काही बिनसलं की मशीन बोंबलायला लागायचं. सहा मशीनं, सहा आवाज, त्यात जनरेटरची घरघर आणि वर पेशंटच्या नातेवाइकांचं ‘सिस्टरजी, देखो ना क्या हो गया!’ माझं डोकं उठायचं.

गाळलेलं रक्त शरीरात परतण्याआधी बोटभर लांबीच्या एका प्लास्टिकच्या नळकांड्यात पडतं. त्याला आम्ही चेंबर म्हणायचो. रक्तात हवा मिसळली असेल तर ती इथे वरच्या वर राहावी, एवढ्याचसाठी ते. चेंबर वरपर्यंत भरलेलं ठेवावं असा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. पण ते वरपर्यंत भरलं की पेशंट नुसता खोकला तरी रक्त आणखी वर चढायचं, दाब मोजणाऱ्या नळीत शिरायचं, की झाला अलार्म सुरू. पातळी फारच खाली गेली तरीही अलार्म. या दोन्हींच्या मधली, निम्म्याच्या जराशी खालची एक जागा मी शोधून काढली होती. तिथे पातळी ठेवली की चार तास सगळं चिडीचूप. ‘मॅडमजीवाली मशीन बजती नहीं’ अशी माझी ख्याती झाली. पेशंट माझ्याच तीन नंबरच्या मशीनसाठी अडून बसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता.

मग बाबांच्याच किडन्या गेल्या.

बाबा दिल्लीला केंद्र सरकारात, एका मंत्रालयात होते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची अर्धी हयात गेली. आई गेली, मग निवृत्ती आली, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. मसुदा लिहावा तर बाबांनी, असं त्यांच्या खात्यात म्हणत. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. फरीदाबादला आल्यावर सेक्टरच्या पाण्याबद्दल, विजेबद्दल, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल ते तक्रारींचे अर्ज लिहीत, आणि ते असे की वाचणाऱ्याला खुर्चीत नीट बसावंच लागे. शेजारचे सरदारजी म्हणायचे, ‘अंकलजी की चिट्ठी गई, समझो काम हो गया.’ काम क्वचितच व्हायचं, पण बाबा खूश असायचे.

त्यांचं डायलिसिस मी दुसऱ्या कुणाला करू देईन? तीन नंबरचं मशीन त्यांचं झालं. अलार्मनं ते दचकायचे, एकदा दचकले की बेचैन व्हायचे आणि मग ‘काढ या नळ्या, मला घरी जायचंय’ म्हणून हट्ट धरायचे. म्हणून त्यांची पातळी मी इतरांपेक्षाही निगुतीनं, अगदी माझ्या त्या जागेवर ठेवायची. ते शांत झोपायचे. त्यांचा उघडा पडलेला जबडा बघून मला वाटायचं, मुलगी असावी तर अशी.

वर्षभरानं त्यांचे शब्द अडखळायला लागले. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी अर्ज लिहायला बसले की ‘सदर’पर्यंत यायचे आणि थांबायचे. पेन धरलेला हात तसाच कागदावर. दुसऱ्या दिवशी परत ठीक असायचे. मग हळूहळू दुसऱ्या दिवशीही ठीक राहीनासे झाले. एकदा मला म्हणाले, ‘अगं, शब्द माहीत असतो मला. पण तो पुढे येत नाही. बाकी काही गेलं तरी चालेल, हे नको जायला.’ मी भिजवलेले बदाम सुरू केले, ताकदीच्या गोळ्या केल्या, दिल्लीला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, वय आहे, आजार आहे. मला ते पटेना. माझी नुसती चिडचिड चालली होती. नवऱ्यावर, रिक्षावाल्यावर, दूधवाल्यावर, जो सापडेल त्याच्यावर.

त्याच सुमारास आमच्या हॉस्पिटलात नौदलातून निवृत्त झालेले एक डॉक्टर आले. उंच, कोरडे, कामापुरतं बोलणारे. त्यांची तरुणपणची वर्षं समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांच्या तब्येती तपासण्यात गेली होती. खोल समुद्रातून माणूस घाईनं वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याच्या रक्तात बुडबुडे सुटतात, म्हणून वर आल्यावर त्याच्या छातीला यंत्र लावून ते ऐकायचे. तेच यंत्र घेऊन ते आमच्या खाटांमधून फिरायला लागले. मी म्हटलं, ‘सर, फरीदाबादमध्ये समुद्र कुठून आणणार?’ ते म्हणाले, ‘समंदर नहीं है, बुलबुले तो हैं.’ मशीनचा हवेचा अलार्म फक्त मोठा बुडबुडा पकडतो, बारीक बुडबुडे त्याखालून निसटून पेशंटच्या शरीरात जात असावेत असा त्यांचा संशय होता. सिद्ध काही नव्हतं. पाणबुड्यांत वर्षानुवर्षं हाडांना, फुप्फुसांना, डोक्याला जे होताना त्यांनी पाहिलं होतं, तसलं काही इथेही हळूहळू होत असेल का, हे त्यांना शोधायचं होतं.

त्यांनी मला एक कॅसेट ऐकवली. जहाजाच्या डेकवर पाण्यातून नुकत्याच आलेल्या एका पाणबुड्याला उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि त्याच्या हृदयाचा आवाज भरून घेतला होता. आधी नुसती धडधड. मग उठाबशा झाल्या आणि त्या धडधडीत बारीक टिकटिक सुरू झाली, चुरचुर अशी. ‘ये एक-एक बुलबुला है,’ डॉक्टर म्हणाले. मला कसंसंच झालं. तरी मी म्हटलं, ‘आमचे पेशंट कुठे उठाबशा काढणार, सर?’

त्यांनी सगळ्या पेशंटच्या संमतीच्या सह्या घेतल्या, बाबांचीही घेतली, आणि आम्हा तंत्रज्ञांना छापील तक्ते दिले. कोणतं मशीन, किती वेगानं रक्त, चेंबर कुठपर्यंत भरलेलं. आता आमची रीत सांगते. तक्ते आम्ही पाळी संपताना एका बैठकीत भरायचो. भिंतीवर जे लिहिलंय तेच कागदावर. चेंबरच्या रकान्यात मी खालपर्यंत ‘फुल, फुल, फुल’ लिहीत जायची. त्यात लबाडी आहे असं कधी मनातही आलं नाही. सगळेच लिहायचे, कागद म्हणजे कागद.

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर माझे तक्ते पसरले होते. ‘तुमच्या मशीनवर टिकटिक सगळ्यात जास्त आहे,’ ते म्हणाले, ‘आणि तुमचं चेंबर तर नेहमी भरलेलं. म्हणजे चेंबर भरण्या-न भरण्यानं काही फरक पडत नाही, असंच लिहावं लागेल मला. दोष बहुतेक नळ्यांचा असेल.’

मी ‘हो सर’ म्हटलं आणि बाहेर आले.

जिन्यावर उभी राहिले आणि मला सगळं दिसायला लागलं. अर्धवट भरलेलं चेंबर. रक्त उंचावरून आत पडतंय, फेस होतोय, आणि तो फेस खालच्या नळीतून निमूट चाललाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी बदाम भिजवत होते, दिल्लीच्या डॉक्टरांना रांगेत उभी राहून भेटत होते, आणि आठवड्यातून तीनदा माझ्याच हातानं... त्या दिवशी रिक्षात मला बसवेना. मध्येच उतरले, सेक्टरभर उगाच चालत राहिले. अर्धवट बांधलेल्या घरांच्या रेतीतून, सिमेंटच्या पाट्यांमधून. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, मनात येत होतं की बोललेच नाही तर कुणाला कळणार आहे? पातळी गुपचूप वाढवायची, झालं.

पुढच्या खेपेला मी बाबांचं चेंबर वरपर्यंत भरलं. ते कुशीवर वळले, अलार्म. खोकले, अलार्म. दर दहा मिनिटांनी मी धावतेय, नळी बदलतेय, बटण दाबतेय. बाबा वैतागले. ‘आज काय झालंय तुझ्या मशीनला?’

‘काही नाही.’

‘काही नाही कसं? वर्ष होऊन गेलं, वाजलं नाही ते!’

मला पुढे खोटं रेटवेना. स्टूल ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. चेंबर, फेस, टिकटिक, माझी ती हुशारीची जागा. सांगताना रडले नाही, उलट चिडूनच बोलत होते, जणू त्यांनीच काही केलं होतं. बाबा ऐकत राहिले. आणि विचारलं काय? ‘कागदावर काय लिहिलंस?’

‘फुल.’

‘म्हणजे खोटं.’

‘बाबा, तुमच्या डोक्याचं काय होतंय ते मी सांगतेय, आणि तुम्ही कागदाचं काय घेऊन बसलात!’

‘तो माणूस त्या कागदावरून पुढे लिहिणार ना? मग बाकीच्यांच्या डोक्यांचं काय?’ त्यांचा आवाज चढला. बाजूच्या खाटेवरचे गुप्ताजी उठून बघायला लागले. ‘जा. आत्ताच्या आत्ता जा आणि सांगून ये.’

मी गेले. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझे सगळे तक्ते एकत्र केले, त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘फिर से शुरू करेंगे.’ मी विचारलं, ‘सर, माझ्या बाबांना जे झालंय ते यामुळेच का?’ त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले की किडनीच्या आजारात डोक्यावर परिणाम व्हायला दहा कारणं असतात. एका पेशंटवरून काहीच सांगता येत नाही. मी म्हटलं, ‘सर, मला एकच पेशंट आहे.’ त्यांनी चष्मा काढून पुसला.

परत आले तर बाबा जागेच. म्हणाले, ‘मलाही ऐकव ते.’ डॉक्टरांचं यंत्र खाटेशीच होतं. मी त्यांच्या कानांना हेडफोन लावले, छातीवर जागा शोधली. त्यांनी डोळे मिटले. मध्येच एक बोट वर केलं. ‘हा एक गेला?’

‘हो.’

‘कमी झालेत का आता?’

‘थोडे कमी वाटताहेत. नक्की नाही सांगता येत.’

हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिले. राग मावळला होता, पण चेहरा उतरला होता. ‘तू मला विचारायचं होतंस,’ ते म्हणाले. ‘बुडबुड्यांचं तुला ठाऊक नव्हतं, मान्य. पण भिंतीवरचा नियम ठाऊक होता ना? मग तेव्हाच म्हणायचंस, बाबा, नियम असा आहे, तो मोडला तर तुम्हाला झोप लागेल, पुढे काय होईल ते मला माहीत नाही. माझं मी सांगितलं असतं.’

एवढं सलग वाक्य ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. एकही शब्द अडला नाही. मला आनंद व्हावा की काय, तेच कळेना.

‘काय सांगितलं असतंत?’ मी विचारलं.

त्यांनी छताकडे पाहिलं. मशीन पुन्हा वाजलं, मी उठून ते बंद केलं आणि परत स्टुलावर येऊन बसले. मला वाटलं, प्रश्न विसरले.

‘झोपच म्हणालो असतो,’ ते म्हणाले.

जन्मात कधी कागदावर खोटं न लिहिलेला माणूस. मला बरं वाटावं म्हणून तोंडानं खोटं बोलला का, हे मी त्यानंतरच्या दीड वर्षात त्यांना विचारू शकले नाही. रोज ओठांवर यायचं. आता विचारायला ते नाहीत.