रिकामा न परतलेला वाडगा

बहारीनला धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे निघाले तेव्हा माझ्या सामानात कपड्यांपेक्षा लिंबाचं लोणचं जास्त होतं. विमानतळावर कोणी बॅग उघडायला लावली नाही, हे त्या देशाचे माझ्यावरचे पहिले उपकार.

नंदा जुफैरला राहते. तिथे दूध आणायलाही गाडी काढतात. दुसऱ्याच दिवशी तिनं मला अदलियात सोलांजबाईंच्या स्टुडिओत नेलं. नंदा शनिवारी त्यांच्याकडे चाकावर भांडी घडवायला शिकते.

सोलांजबाई साठी ओलांडलेल्या, नखांत माती. फ्रान्समधल्या कुंभारांच्या एका गावात उमेदवारी करून त्यांनी स्वतःची भट्टी उभारली, प्रदर्शनं भरवली, विद्यार्थी घडवले. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या. त्यांची भांडी स्टोनवेअरची, म्हणजे इतक्या कडक आचेत भाजलेली की माती दगडासारखी होते. तिकडे झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, द्राक्षवेलींची राख घालायच्या. इथे द्राक्षवेली कुठल्या, म्हणून खजुराच्या झावळ्या जाळतात.

"किती भट्ट्या फुकट गेल्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ही शेवटची. ही झिलई टिकली तर राहीन, नाही तर चाक विकून परत जाईन."

निघताना त्यांनी त्याच भट्टीतल्या एका हिरवट वाडग्यात खजूर दिले. वाडगा आठवणीनं परत आणा, एवढंच म्हणाल्या.

घरी खजूर संपले. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं? आईनं आम्हाला असं वाढवलेलं नाही. मी वाडगा लोणच्यानं गच्च भरला, वर झाकण ठेवलं. "मावशी, जस्ट गिव्ह इट बॅक ना," भाची म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. नंदाला सुट्टी मिळेपर्यंत दोन-तीन दिवस वाडगा तसाच राहिला.

सोलांजबाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे आंबट आहे?"

"लिंबाचं लोणचं," मी कौतुकानं म्हणाले.

त्या खुर्चीत बसल्या. झिलई नीट जमली नसेल तर आंबटानं तिचा रंग विटतो, मग त्या भांड्यात जेवता येत नाही. त्यासाठी लिंबाची चकती रात्रभर ठेवून पाहतात. त्यांनी ती परीक्षा अजून घेतली नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

त्यांनी वाडगा धुतला, त्याच भट्टीतल्या दुसऱ्या वाडग्याशेजारी खिडकीत धरला, आतून अंगठा फिरवला. दोन्ही हिरवे सारखेच होते.

"काही झालेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला धीर होत नव्हता. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत." त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मग म्हणाल्या, "यल्ला (चला), कॉफी." न तपासलेल्या भांड्यातलं खायचं नाही, म्हणून लोणचं मात्र टाकायला लावलं. जिवावर आलं, पण टाकलं.

परतीच्या दिवशी त्यांनी तोच वाडगा माझ्या हातात ठेवला, खजुरांनी भरलेला. नंदानं त्यांना आपली रीत सांगितली होती.

"हा परत करायचा नाही," त्या म्हणाल्या.

आता तो सांगलीत माझ्या ओट्यावर आहे. परदेशातल्या एका बाईनं माझ्या आगाऊपणाचे आभार मानले, हे उपकार फेडायची सोयच तिनं ठेवलेली नाही. चाक विकलेलं नाही, असं नंदा फोनवर सांगते. मी वाडग्यात डोकावते. लोणचं तळाला गेलेलं दिसलं की लगेच भरते.