साडूभाऊंचं काळं जनावर

मेलेली वस्तू अशी जगात नसतेच, असते ती फक्त दुखणं अंगावर काढून बेजार झालेली वस्तू, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात काढून ते वाशीमजवळच्या शिरपूरला स्थायिक झाले, पण दवाखाना काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. समोर मिक्सर असो, मोटारसायकल असो, की माझ्यासारखा वाशीमच्या कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस असो, भाऊ आधी तळहाताची उलटी बाजू लावून अंग तापलं आहे का ते बघतात आणि मग कान असेल तर कान धरतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी माझाही कान धरला होता. हा सासरकडचा मानपानाचा काही प्रकार असेल असं समजून मी दुसराही पुढे केला. "ताप नाही," भाऊंनी अक्कांना सांगितलं, "पण चारा कमी पडून राह्यला."

चीड याची येते की त्यांचं निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं. एकदा त्यांचा फ्रीज धडधडायला लागला. भाऊ त्याच्यासमोर पाट टाकून अर्धा तास नुसते ऐकत बसले, मग म्हणाले, "याच्या डाव्या पायाले तरास हाय." पुठ्ठ्याची एक घडी त्या पायाखाली सरकवली आणि फ्रीज गप्प झाला. अक्का त्यांना 'बह्याड' म्हणतात. वेड्याला आमच्या वऱ्हाडात हा शब्द आहे आणि बायकोनं उच्चारला की त्यात बरीच माया असते. दोन नियम मात्र भाऊ कधी मोडत नाहीत. रोग्याचं ऐकून घेतल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा पहिला. रोग्याच्या मागे उभं राहायचं नाही, हा दुसरा. "मांगून गेलं का लाथ बसते, सर," असं ते मला बजावतात. मी शिक्षक, म्हणून वयानं मोठे असूनही ते मला सर म्हणतात. म्हशीला लावलेला हा नियम त्यांनी वॉशिंग मशीनलाही लावला आहे. नळी मागे असते, ती अक्का बसवतात.

तर या माणसानं गेल्या वर्षी गेमिंग कॉम्प्युटर बांधायचं मनावर घेतलं. कारण होतं त्यांची मुलगी. एकुलती एक, पुण्याला नोकरीला. ती दर रविवारी फोन करायची. "जेवली का?" "हो बाबा. तुमी?" "हो." एवढं झालं की भाऊ फोन अक्कांच्या हातात द्यायचे आणि अंगणात जाऊन उभे राहायचे. मुक्या जनावरांशी तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीशी तिसरं वाक्य सुचत नसे. मग दिवाळीला ती लॅपटॉप घेऊन आली. त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. भाऊंनी पहिल्या पाच मिनिटांत ट्रक टोलनाक्यात घातला आणि बापलेक इतके हसले की अक्का फोडणी तशीच ठेवून पाहायला आल्या. दोन तास दोघं आळीपाळीनं ट्रक हाकत होते. "चालवता चालवता पोरीनं जे सांगतलं ना सर," भाऊ मला नंतर म्हणाले, "थे सालभर फोनवर नाही सांगतलं. ऑफिसातलं, रूमवरलं, सगळं. नजर रस्त्यावर असली का माणूस बोलते." त्या खेळात दोघं आपापल्या घरून एकाच रस्त्यावर मागे-पुढे ट्रक चालवू शकतात, हे तिनं सांगितलं आणि भाऊंचं ठरलं. रविवारी दुपारी चार वाजता शिरपूरहून एक ट्रक निघणार आणि पुण्याहून एक. नवाकोरा कॉम्प्युटर पाठवते, असं ती म्हणत होती. पण नव्याचं पोट उघडलं की वॉरंटी जाते, हे कळल्यावर भाऊंनी तो विषय बंद केला. ज्याचं पोट उघडता येत नाही असं जनावर त्यांना दारात नको होतं.

मग जुने पार्ट जमा होऊ लागले. एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाचं काळं कॅबिनेट आलं, त्यात मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क होती. फोटो स्टुडिओतून पॉवर सप्लाय आला. शेलूबाजारला एकाचं इंटरनेट कॅफे होतं, ते बंद करून त्यानं बियाण्याचं दुकान टाकलं होतं. त्याच्या माळ्यावर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळातली चित्रं काढणारा पार्ट, आणि रॅमच्या दोन पट्ट्या मिळाल्या. भाऊंनी पट्टी उजेडाला धरली, तिच्या कडेच्या सोनेरी टोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दात चांगले हायत." मग कार्ड उलटंसुलटं करून, म्हैस विकत घेताना विचारतात तसं, त्यांनी दुकानदाराला विचारलं, "किती वेत झाले?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी खालच्या आवाजात 'किती वर्षं वापरलं' असा अनुवाद केला. या सगळ्या प्रकरणात माझ्या शिक्षणाचा झालेला उपयोग तेवढाच. घरी आल्यावर भाऊंनी खोडरबर घेऊन रॅमचे दात एकेक करून घासले, आणि माझी खात्री आहे, त्या पट्टीला बरं वाटलं.

आता माझ्याबद्दल. माझ्याकडे संगणकाचं प्रमाणपत्र आहे. नोकरीत सक्तीचं होतं म्हणून घेतलं, आणि परीक्षेच्या दिवशी बंद कॉम्प्युटरसमोर मी दहा मिनिटं नम्रपणे वाट पाहत बसलो होतो. पण प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलेलं असल्यामुळे नातेवाइकांत मी कॉम्प्युटरवाला ठरलो, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करण्याचा उद्धटपणा केला नाही. शिवाय मला एक खोड आहे. विषय आपल्याला येत नसला आणि अधिकारानं बोलायची वेळ आली, की मी वऱ्हाडी सोडून एकदम प्रमाण मराठीत शिरतो. त्यामुळे बोललेलं खरं वाटतं, निदान मला.

भाऊंनी बोलावलं तसा मी एका रविवारी माझा जुना मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीनं शिरपूरला निघालो. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी "टीव्ही देवळाले देऊन राह्यले का?" असं विचारलं, तेव्हा मी मान हलवली. घरी भाऊंनी कॅबिनेट आडवं घालून केसपेपर करून ठेवला होता. खरोखरचा केसपेपर. रुग्ण : काळा. वय : माहीत नाही. लक्षणे : अजून काही नाहीत. कामाची वाटणी आपोआप झाली. पोटाकडची बाजू त्यांची. मागची, म्हणजे लाथेची, माझी. त्यांनी रॅम बसवली, कार्ड बसवलं, वायरी खोचल्या. मी मागे जाऊन मॉनिटरची केबल लावली आणि तिचे दोन्ही स्क्रू इतके आवळले की बोटाला वळ उठला. भाऊंनी बटण दाबलं. पंखे फिरले, आतून एक छोटासा 'टुक्' आवाज आला आणि स्क्रीन काळाठिक्कर राहिला.

भाऊंनी कान लावला. "सर, हे बरं हाय. थे म्हणून राह्यलं का मी ठीक हाय." मी म्हटलं, "भाऊ, दृश्य उमटत नाही, याचा अर्थ अंतर्गत बिघाड आहे." बघा, सुरू झालो. कार्ड काढून पाहिलं तर स्क्रीनवर चित्र आलं, पण कार्डाशिवाय ट्रक जागचा हलेना. कार्ड बसवलं की पुन्हा काळोख. यावरून मी निकाल दिला : "कार्ड मृत आहे." भाऊंनी कार्डावर उलटा हात ठेवला. "अंग गरम हाय. पंखा फिरते. मेलं कसं म्हणू?" मी प्रमाणपत्राच्या बळावर हसलो.

चार वाजता पुण्याहून मेसेज आला, 'बाबा, झालं का?' भाऊंनी मला उत्तर टाईप करायला लावलं, 'उपचार चालू आहेत.' पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा दात घासले, पॉवर सप्लाय बदलला, बटणाएवढी बॅटरी काढून घातली. पुन्हा टुक्, पुन्हा काळोख. पुन्हा 'झालं का?' आणि पुन्हा 'उपचार चालू आहेत.' त्यानंतरच्या रविवारी भाऊंनी कुठून तरी दुसरं कार्ड आणलं. तेही मी मृत घोषित केलं. त्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले. मेसेज आला नाही. भाऊ फोन उलटा करून पाहत होते, जणू तो खालच्या बाजूला आला असेल. मग ते म्हणाले, "दोन जनावरं एकाच गोठ्यात मेले तर जनावरं पाहू नाही, सर. गोठा पाहावा." आणि चहाचं सांगायला आत गेले.

मी मागे गेलो. वाकून, चष्मा पुसून, पहिल्यांदाच नीट पाहिलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे निळी सॉकेटं दोन होती. वरचं मदरबोर्डचं आणि खालचं कार्डाचं. कार्ड बसवलं की वरचं बंद होतं आणि केबल खाली लावायची असते. माझी केबल वर होती, दोन्ही स्क्रू आवळून. त्या जनावराला काहीच झालेलं नव्हतं. ते तीन रविवार सांगत होतं की मी ठीक आहे, आणि ते कळणारा माणूस घरात असताना मी त्याला बोलू दिलं नव्हतं. मी केबल खाली लावली. भाऊ कपबशा घेऊन आले तेव्हा स्क्रीनवर चित्र होतं, त्यात निळं आभाळ होतं आणि एक लाल ट्रक उभा होता.

"काय केलं सर?" ते दारातच थांबले. खरं सांगायला माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, अगदी वऱ्हाडीत. आणि मी म्हणालो, "दात पुनश्च स्वच्छ केले." भाऊंनी कपबशा खाली ठेवल्या, माझा हात हातात घेतला आणि केसपेपरवर लिहिलं, 'सरांच्या हाताला गुण आहे.' मग त्यांनी स्वतः पुण्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत ही वार्ता सगळ्या सासरवाडीत पोचली. माझ्या मेहुण्यानं तर घरचा प्रिंटर दाखवायला आणतो म्हणून कळवलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि इतका मानही कधी मिळाला नव्हता.

त्यानंतर रविवारी चार वाजता दोन ट्रक निघू लागले. अक्का फोनवर सांगायच्या, "दोन-दोन तास बोलून राह्यले बापलेक, मले तर कोणी इचारतही नाही." मला मनापासून आनंद झाला. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे रविवार रिकामे झाले आहेत. काळा बरा झाला होता, वैद्याची गरज उरली नव्हती. भाऊंच्या ओसरीवरचा तो पाट, खोडरबरचा वास, 'लाथ बसते' म्हणून दर खेपेला मला मिळणारी ताकीद, यांची आपल्याला सवय लागली आहे हे मी बायकोलाही सांगितलं नाही. दोन-तीन महिने मी रविवारी दुपारी उत्तरपत्रिका तपासल्या, आणि गुण जरा कमीच दिले.

मग एका रविवारी सकाळी भाऊंचा फोन आला. "सर, पोरगी आज मैत्रिणीच्या लग्नाले गेली. अन् इकडे काळ्यानं पुन्हा डोळे मिटले. येता काय?" मी पहिली एसटी धरली. बटण दाबलं, टुक् झालं, स्क्रीन काळा. मी मागे जाऊन वाकलो. केबल वरच्या सॉकेटला लावलेली होती आणि तिचे दोन्ही स्क्रू व्यवस्थित आवळलेले होते.

मी तसाच वाकून राहिलो. नळी बसवायलाही कधी वॉशिंग मशीनच्या मागे न गेलेला हा माणूस आज माझ्यासाठी लाथेच्या बाजूला जाऊन आला होता. त्यांना कधी कळलं आणि कसं कळलं हे विचारायची माझी छाती झाली नाही. वर पाहिलं तर भाऊ पाट टाकून बसले होते, चेहरा कोऱ्या केसपेपरासारखा. "मांगच्या बारीले दात घासले होते ना तुमी," ते म्हणाले, "तसेच घासा."

"घासतो ना भाऊ," मी म्हटलं, "पण टाइम लागन."

"लागू द्या. घाई कोणाले हाय?"

आम्ही काळ्याचं पोट उघडलं. एक पट्टी त्यांनी घेतली, एक मी. स्वच्छच होत्या, तरी घासल्या. अक्कांनी दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा आम्हा दोघांना बह्याड म्हटलं. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी मागे जाऊन केबल खालच्या सॉकेटला लावली. स्क्रू मात्र आवळले नाहीत.