चार नंबरची प्रेस

अंबादास गुंजाळ संगमनेरहून फरिदाबादला आला, तेव्हा त्याच्यापाशी मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि ऐकणाऱ्याला हसू फुटावं अशी हिंदी. वीस-बावीस वर्षांत हिंदी सुधारली, तो मेंटेनन्सचा प्रमुख झाला, पण त्याच्या आडनावातला 'ळ' तिथल्या कुणाच्या जिभेवर बसला नाही. सगळ्यांचा तो गुंजालजीच राहिला.

कारखान्यात स्कूटरचे पत्र्याचे भाग बनत. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेस ओळीनं उभ्या होत्या. त्यातली सगळ्यांत थोरली चार नंबरची, आणि ती चालवायचा श्याम. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातला हा गडी अंबादासच्याच वर्षी कामाला लागला होता. दोघं डबा एकत्र खायचे. श्यामला शेंगदाण्याची चटणी इतकी आवडायची, की अंबादासची बायको शेवंता त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधून द्यायची.

पेडल एकदा दाबलं की प्रेसनं एकदाच खाली यायचं, हा नियम. शहाण्णव सालच्या हिवाळ्यात चार नंबर मधूनच आपल्या मनानं दुसऱ्यांदा खाली येऊ लागली. अंबादासनं क्लचची पिन बदलली, स्प्रिंग बदलली, ब्रेक आवळला. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. एका दुपारी श्यामनं तयार भाग उचलायला हात घातला आणि प्रेस खाली आली. त्यानं हिसका देऊन हात ओढला. हातमोजा तेवढा आत राहिला. श्यामनं तो चपटा मोजा सगळ्यांना दाखवला आणि मोठ्यानं हसला. अंबादासला काही हसू आलं नाही.

त्यानं झाकण काढून आत पाहिलं. क्रँकशाफ्टचे बुश झिजले होते आणि क्लच जिथे धरतो ती जागाच खाल्ली गेली होती. आता ठिगळानं भागणारं नव्हतं. प्रेस पूर्ण खोलून ओव्हरहॉलिंग करायचं, तर दीडेक महिना मोडणार. आणि चार नंबर बंद म्हणजे तिच्यापुढची सगळी ओळ बंद.

जेवणाच्या सुट्टीत श्याम हळूच म्हणाला, "गुंजालजी, मरम्मत कर दो बस. खोलो मत."

"अरे, हाथ जाएगा तेरा."

"मैं संभाल लूँगा. एक बार गेट बंद हुआ, तो फिर खुलेगा नहीं."

ही भीती पोकळ नव्हती. मथुरा रोडवरचे दोन कारखाने असेच 'थोडे दिवस' म्हणून बंद झाले होते आणि आता तिथे बिल्डरचे बोर्ड लागले होते. नव्या गाड्या आल्यापासून स्कूटरच्या ऑर्डरी घटल्या होत्या. धाकटे मालक हल्ली कारखान्यात कमी आणि गुडगावला बिल्डरांकडे जास्त असायचे.

घरी अंबादासचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवंतानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"नुसती दुरुस्ती करून नाही का चालणार?" ती म्हणाली.

"चालेल की. कुणाचा तरी पंजा जाईपर्यंत चालेल."

"अहो, मग विचार कसला करताय?"

"कारखाना बंद पडला तर?"

शेवंतानं त्याच्या ताटात भात वाढला. "ते मालकाच्या हातात," ती म्हणाली. "प्रेस तुमच्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं धाकट्या मालकांना सांगितलं, पूर्ण खोलावी लागेल. वाद घालायची तयारी करूनच तो केबिनमध्ये शिरला होता. पण ते लगेच म्हणाले, "बिल्कुल. आप जो ठीक समझें." ते इतकं सहज म्हणाले, की जिना उतरताना अंबादासनं दोनदा मागे वळून केबिनकडे पाहिलं.

माणसं घरी पाठवली गेली. रिकाम्या शेडमध्ये अंबादास आणि दोन फिटर राबत राहिले. क्रँकशाफ्ट उतरवला, नवे बुश बसवले, क्लच नवा घातला. त्या दिवसांत तो स्वतःला विसरला होता. शेवटी प्रेस चालवून पाहिली. पेडल दाबलं की एकदाच खाली, आणि वर जाऊन निमूट थांबणं. दिवसभर त्यानं तिला पारखलं. एकदाही चुकली नाही.

ज्या सोमवारी सगळे परत यायचे, त्या सकाळी गेटला कुलूप होतं. कागद चिकटवला होता. कारखाना कायमचा बंद. देणी हिशोबानं मिळतील. माणसं कागद एकमेकांना वाचून दाखवत होती. अंबादास पुढे झाला तशी गर्दी बाजूला सरली, आणि समोर श्याम उभा राहिला.

"मैंने मना किया था."

"श्याम, तेरा हाथ चला जाता रे."

"हाथ मेरा था, गुंजालजी."

एवढंच बोलून तो वळला. अंबादासनं दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.

प्रेस लुधियानाच्या एका कारखानदारानं घेतली. ती उचलताना धक्का लागू नये म्हणून अंबादासलाच बोलावलं होतं. तो गेला, क्रेनवाल्याला दोर कुठे बांधायचा ते सांगितलं आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत उन्हात उभा राहिला. होळीच्या सुमाराला तो श्यामच्या खोलीवर गेला, तर तिथे दुसरंच बिऱ्हाड. आधीचे लोक गावी गेले, वीटभट्टीवर काम धरलंय म्हणे, असं शेजारणीनं सांगितलं. पत्ता तिच्याकडे नव्हता.

पुढे अंबादासला गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत जनरेटर सांभाळायची नोकरी लागली. तिथला तरुण मॅनेजर त्याला मानायचा. एकदा मोठा जनरेटर तेल फेकू लागला. मॅनेजरनं विचारलं, "सर, रिपेअर करें या पूरा खोलें? आप जो कहें."

अंबादासनं दोन्हींत काय काय होईल ते नीट समजावलं. "मगर आप क्या करेंगे?" असं मॅनेजरनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "आप ही तय कीजिए, साहब."

त्या संध्याकाळी त्यानं हे शेवंताला सांगितलं. तिनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "तुमचं तेव्हा चुकलं नव्हतं हो," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," अंबादास म्हणाला, आणि चहा तसाच निवू दिला.